चक्कीतलं तांदळाचं पीठ

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला; आमच्या चर्चमध्ये केरळची रीत, म्हणून राखेचा दिवस सोमवारी. कपाळावर राख घेऊन घरी आले आणि ही वही काढली. फादर जोबींनी मला पापांची यादी करायला बंदी घातली आहे. म्हणून या वहीत पापं लिहायची नाहीत, नुसते दिवस लिहायचे असं ठरवलंय. ही पळवाट तर नाही ना, हे फादरांना विचारायला हवं होतं. पण तसं विचारायलाही बंदी आहे.

शनिवारचं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. पापस्वीकाराची रांग होती. माझी पाळी आली, सांगितलं, क्षमा मिळाली, बाहेर आले. बाहेर येताच वाटलं, 'रागावले' एवढंच म्हणाले, कोणावर ते सांगितलं नाही. म्हणजे अर्धं लपवलं. पुन्हा रांगेत उभी राहिले. ते सांगून चपला घालत होते तर वाटलं, आधी लपवलं होतं हे सांगायचं राहिलंच. पुन्हा जाऊन गुडघे टेकले तेव्हा जाळीच्या आडून फादर म्हणाले, "दिव्या, घरी जा." हळूच म्हणाले, पण आमचं चर्च ते केवढं, आणि वीज गेलेली, पंखे बंद. बाकांवरच्या सगळ्या बायांनी ऐकलं. एक हसलीसुद्धा. काहीतरी विसरलं होतं म्हणून मी आत गेले होते असा चेहरा करून, पदर सारखा करत बाहेर पडले. अजून आठवलं की कान गरम होतात.

नंतर फादरांनी अंगणात गाठलं. ते केरळचे, मराठी पुस्तकातली बोलतात. म्हणाले, हे पाप नव्हे, हा आजार आहे, गडचिरोलीला मनाच्या डॉक्टर बसतात, त्यांना भेटा. आणि पापस्वीकार महिन्यातून एकदा, तोही एका दमात. मी मान डोलावली. माणूस भला आहे, माझी अब्रू झाकतोय, असं मला वाटलं. पापाला आजार म्हटलं की सांगणाऱ्यालाही सोपं आणि ऐकणाऱ्यालाही.

आमच्या घरात धर्म माझ्या आजोबांपासून आला. ते महारोगाने झडलेली बोटं घेऊन मिशनच्या दवाखान्यात आले, बरे झाले आणि मिशनच्याच आवारात राहिले. त्यांच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं. आणि मी त्यांची नात, धडधाकट दहा बोटांची, चर्चसाठी होस्ट भाजते. होस्ट म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, परमप्रसाद म्हणून देतात ती कागदासारखी पातळ, गोल पोळी. गहू आणि पाणी, तिसरं काही नाही. तिसरं काही असेल तर ती पोळी प्रभूचं शरीर होत नाही, असा नियम आहे. सगळ्या चर्चच्या तोंडी जातं ते माझ्या हातचं, आणि ऑगस्टपासून मी स्वतः परमप्रसाद घेतलेला नाही. तेव्हा घेताना खोकला आला आणि जिभेवरून कण उडाला की काय कळेना. मिस्सा संपल्यावर फरशीवर ओणवी होऊन शोधत होते. तेव्हापासून रांग पुढे सरकली की मी बाकावर बसून राहते. कोणी विचारलं तर पोट बिघडलंय सांगते.

७ एप्रिलला माझ्या खुशबूचा पहिला परमप्रसाद आहे. नऊ वर्षांची आहे. त्या दिवशी आईबाप लेकराच्या दोन्ही बाजूंनी चालत जाऊन सोबत परमप्रसाद घेतात. तिच्याशेजारी तरी मी स्वच्छ मनानं उभी राहू शकले पाहिजे. हा उपवासकाळ त्यासाठी.

२० फेब्रुवारी, मंगळवार

जानेवारीपासून बाजारचा मैदा बंद केला आहे. पुडीवर काहीही छापलं तरी आत काय मिसळलंय कोण सांगणार? आता गहू आणायचा, धुवायचा, वाळवायचा, निवडायचा, देवाजीभाऊच्या चक्कीवर दळायचा आणि मलमलच्या कपड्यातून चाळायचा. मिथुन म्हणतो, "अवं, तू देवासाठी करून राह्यली का कोर्टासाठी?" मिथुन म्हणजे माझा नवरा. ब्रह्मपुरी-गडचिरोली काळीपिवळी चालवतो, जीपमध्ये माणसं कोंबता कोंबता तोंडही तसंच सैल झालंय.

निवडायला खुशबू बसते. फुटका दाणा दिसला की बाजूला काढते, परत ताटात टाकते, परत काढते. माझ्यापेक्षा तिची नजर बारीक आहे. शाळेला उशीर झाला तरी उठेना. इतक्या लहानपणी एवढी श्रद्धा मला तरी कुठे होती!

२ मार्च, शनिवार

सिस्टर लिसी चर्चमध्ये मुलांची तयारी करून घेतात. म्हणाल्या, खुशबूला पश्चात्तापाची प्रार्थना सगळ्यात आधी पाठ झाली. मला भरून आलं.

सायंकाळी भाकरी टाकत होते तर ती येऊन म्हणाली, "आई, मी सकाळी तुह्यावर तोंड वाकडं केलं होतं. माफ केलं ना मले?" मी म्हटलं, केलं. थोड्या वेळाने परत आली, "खरंच केलं ना?" मी हो म्हटलं. जेवताना परत. मिथुन वैतागून तिला म्हणाला, आधी जेव. पण मला तिचं कौतुकच वाटलं. किती कोवळं मन आहे. आम्ही लहानपणी आईवर तोंड वाकडं करून वर जीभही दाखवत होतो.

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. मिथुनच्या गाडीला उसंत नाही, मार्कंड्याच्या जत्रेला माणसं टपावर बसून गेली. दुपारच्या फेरीला तो खुशबूला घेऊन गेला होता. परतताना एका म्हातारीने तिच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. देवाचा प्रसाद. पोरीने तोंडात टाकले, आणि मग काय झालं कोण जाणे, घरी आल्या आल्या मोरीवर जाऊन चुळा भरायला लागली. थांबेना. फ्रॉक पुढून सगळा ओला.

मिथुन मला म्हणाला, "साखर होती ते. निरी साखर. हे पोरगी कोठून शिकून राह्यली?"

दुसऱ्या देवाचा प्रसाद खाणं पाप आहे, असं मी तिला कधीच सांगितलेलं नाही. आपल्या गावात कोणी प्रसाद दिला तर मी दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते, हसते. मग घरी येऊन कोंबड्यांना टाकते. हे तिला दिसलं असेल का? शेजारीण एवढ्या मायेने देते आणि मी तिच्यासमोर एक आणि पाठीमागे एक. मला स्वतःची फार लाज वाटली. मिथुनवर चिडले मात्र मीच. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

१९ मार्च, मंगळवार

पवित्र आठवड्यासाठी होस्ट भाजायचे आहेत. पुण्य गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या दिवशी, जंगलातल्या गावांतूनही माणसं येतात, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त लागतात. सिस्टर लिसींनी वर आणखी एक पिशवी दिली, तांदळाची. त्यांच्याकडे केरळात गुरुवारी घरोघरी तांदळाची पोळी करून वाटतात, तिचा मिस्सेशी संबंध नाही, ती नुसती घरची. दर वर्षी त्या इथेही करतात. मी दोन्ही पिशव्या सायकलला अडकवून चक्कीवर गेले.

तिथे उभी असताना मनात पश्चात्तापाची प्रार्थना चालू होती. मधेच एक शब्द चुकला म्हणून परत पहिल्यापासून. तेवढ्यात देवाजीभाऊंनी पिशवी ओतली. मी डोळे उघडले तर आधी तांदूळ दळून झालेला, आणि त्यावरच माझा गहू चाललेला. मी म्हटलं, भाऊ, मधे चक्की झाडली नाही? ते म्हणाले, "झाडली ना बाई. पण चक्की हाय ते. कितीबी झाडा, पयल्याचं थोडंसं दुसऱ्यात येतेच."

मी पीठ घेऊन घरी आले. पिशवी स्वयंपाकघरात न्यावीशी वाटेना. पडवीत ठेवली आहे.

२० मार्च, बुधवार

धान पिकवणाऱ्यांच्या मुलखात चक्कीवर दुसरं काय दळतील? सगळा तांदूळच. म्हणजे कालचाच दिवस नाही. जानेवारीपासूनचं माझं सगळं पीठ तसलंच. म्हणजे जानेवारीपासूनच्या मिस्सा? म्हातारी माणसं गुडघे धरून उठतात, हात जोडतात, डोळे मिटून जीभ पुढे करतात, आणि त्यांच्या जिभेवर मी काय ठेवलं? बाजारचा मैदा सोडला नसता तर हे झालं नसतं. आगीतून उठून फुफाट्यात पडले, आणि अख्ख्या गावाला हाताला धरून पाडलं.

सकाळीच फादरांकडे गेले. ते केळीला पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की चिमूटभर तांदूळ आला म्हणून गव्हाची पोळी तांदळाची होत नाही, चर्चनेही कधी तसं म्हटलेलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. फाटकापर्यंत पोचले आणि वाटलं, चिमूटभर हे मी सांगितलं. जास्त असेल तर? परत गेले. फादरांनी पाइप खाली ठेवला. ते हसले नाहीत.

"दिव्या, तुम्ही माझ्याकडे उत्तर न्यायला येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही शंकेला जेवण न्यायला येता. मी आता वाढणार नाही. याच पिठाचे होस्ट भाजा."

मी भाजते म्हणाले. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, थकलेला होता. त्याचीच जास्त शरम वाटली.

२७ मार्च, बुधवार

भाजले नाहीत.

कणीक पाण्यात कालवली, होस्ट भाजायचं विजेचं मशीन तापवलं, पहिली पापडी निघाली, पांढरीशुभ्र. फारच पांढरी, तांदळासारखी वाटली. फेकली. परत कालवलं, परत फेकलं. परवा होळीचा रंग धुऊन झाल्यावर परत बसले आणि तेही गाईच्या घमेल्यात ओतलं. आज दुपारी सिस्टर लिसी होस्ट न्यायला आल्या. उद्या गुरुवार. डबा रिकामा.

मी म्हटलं, मशीनची कॉइल जळाली, सिस्टर.

त्या घाबरल्या. मिथुनने सगळ्या सवाऱ्या सोडल्या आणि गाडी घेऊन चंद्रपूरला गेला. तिथल्या सिस्टरांकडून मिळतील तेवढे आणतो म्हणाला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२८ मार्च, पुण्य गुरुवार

मिथुनने आणलेला पुडा लहान होता. तिथेही आज गर्दी असणारच. फादरांनी प्रत्येक होस्टचे तुकडे केले. पहाटे मोहाची फुलं वेचून, मग चालत आलेल्या बाया होत्या, त्यांच्या हातांना अजून मोहाचा वास होता. त्यांना नखाएवढा तुकडा मिळाला. कोणी कुरकुर केली नाही. मी बाकावर बसून पाहत होते. ज्या परमप्रसादाला जपायला मी सगळं फेकलं, तोच कण कण होऊन माझ्या डोळ्यांसमोर वाटला जात होता, आणि ते माझ्यामुळे. जमीन दुभंगली असती तर आत गेले असते.

मिस्सेनंतर सिस्टरांनी तांदळाची पोळी वाटली. सगळ्यांनी आवडीने खाल्ली.

घरी येताना खुशबू माझं बोट धरून चालत होती. एकदम म्हणाली, "आई, मशीन तं चालू होती ना? मी पाह्यली होती, वाफ निघून राह्यली होती."

मी पावलं भरभर टाकली. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "मले माहीत होतं आन् मी सिस्टरले सांगितलं नाई. मंग ते पाप माह्यं का तुह्यं?"

कणाकणाचा हिशेब ठेवणारी मी. आणि सिस्टरच्या तोंडावर ठोकून दिलेलं ते खोटं कालपासून माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, माझं. ती म्हणाली, पक्कं? मी म्हटलं, पक्कं. घर येईपर्यंत ती विचारतच राहिली.

३१ मार्च, ईस्टर

सगळे आनंदी. मी पोट बिघडलंय सांगितलं.

४ एप्रिल, गुरुवार

आज काय पाहिलं ते लिहायला हात धजत नाही.

दुपारी खिडकीतून मागच्या अंगणात नजर गेली. खुशबू भिंतीकडे तोंड करून उभी होती. उन्हात, अनवाणी. हात जोडलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, शनिवारच्या पहिल्या पापस्वीकाराची तयारी करते आहे. तेवढ्यात शेजारचं कुत्रं भुंकलं. ती दचकली, तोंडासमोरून हात फिरवला, पाटी पुसावी तसा, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. मग कोणाची तरी मोटरसायकल गेली. परत हात, परत पहिल्यापासून. पाय भाजत होते म्हणून एकेक उचलत होती, पण जागा सोडत नव्हती. चेहऱ्यावर भक्ती नव्हती. छडीची वाट पाहणाऱ्या पोराचा चेहरा असतो तसा होता.

तो हात माझा आहे. शब्द चुकला की मी तसाच हात फिरवते. हे मी कोणाला शिकवलेलं नाही, मला वाटायचं कोणाला दिसतही नाही. आतून ते मला नेहमी देवासाठी केल्यासारखं वाटलं. बाहेरून कसं दिसतं ते आज पाहिलं.

आणि तिने गहू निवडले तेव्हा मी कौतुक करत होते. माफी मागून मागून तिचा घास गार झाला तेव्हाही. मीच माझ्या हाताने पोरीला हे भरवलं आणि वर म्हणाले, किती छान खाते.

मी तिला उचलून आत आणलं. नऊ वर्षांची, जड झाली आहे. तळपायांना तेल लावलं. ती म्हणाली, "आई, थांब ना, शेवटचं एकदा बरोबर म्हणू दे." हे वाक्यही माझंच.

संध्याकाळी मिथुनला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या गडचिरोलीले जाऊ. डॉक्टरकडे."

मी विचारलं, तिच्यासाठी?

"दोघीसाठी," तो म्हणाला. "मी तुले आधीच नेऊ शकत होतो. लोक काय म्हणतील म्हणून नाई नेलं. आता बस झालं."

५ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्याच्या पाटीवर 'मानसोपचार' लिहिलेलं आहे, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. बसस्टँडवरचे सगळे ड्रायव्हर मिथुनला ओळखतात. मी डोक्यावरून पदर पुढे ओढून आत गेले, चोरी करायला आल्यासारखी.

डॉक्टर करिश्मा मेश्राम माझ्यापेक्षा लहान असतील. ब्रह्मपुरीच्याच. त्या आमच्या धर्माच्या नाहीत, त्यामुळे होस्ट, कण, जाळी सगळं समजावून सांगावं लागलं. मोठ्याने बोलताना ते कसं वेड्यासारखं ऐकू येत होतं! पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की कोणी घाणीला भितं, कोणी कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहतं, कोणाच्या आजाराला देव सापडतो. आजार तोच. मला ते पटलं असं नाही. पण खुशबूकडे पाहिलं की पटतं आणि स्वतःकडे पाहिलं की पटत नाही, एवढं कळलं.

मग त्यांनी विचारलं, "पोरगी 'बरोबर झालं का' म्हणून विचारते तेव्हा तुम्ही काय करता, ताई?"

मी म्हटलं, सांगते, झालं बरोबर.

"मंग?"

"मग ती परत विचारते."

मला फादर केळीपाशी जे बोलले ते आठवलं, आणि इतके दिवस पोरीच्या शंकेचं ताट वाढणारी मीच होते हे कळून मान वर करता येईना.

मला गोळ्या दिल्या, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील म्हणाल्या. खुशबूला गोळ्या नाहीत, दर आठवड्याला घेऊन यायचं. आणि तिने खात्री मागितली की द्यायची नाही. मायेने नाही द्यायची, रागाने नाही. मी म्हटलं, ती रडेल. डॉक्टर म्हणाल्या, रडेल.

६ एप्रिल, शनिवार

मुलांचा पहिला पापस्वीकार झाला. खुशबू बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि परत वळायला लागली, तर मिथुन दाराशी उभा होता. तिला खांद्यावर घेऊन सरळ गाडीकडे गेला.

मग मी गेले. रांगेतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी पाहिलं. गुडघे टेकले आणि म्हटलं, फादर, मशीन जळालं नव्हतं. मी सिस्टरांशी खोटं बोलले आणि माझ्या मुलीला ते खोटं वाहायला लावलं. एवढं बोलून रडले. हे रडणं नेहमीचं नव्हतं. त्यात शंका नव्हती, नुसती लाज होती. चांगली लखलखीत लाज.

"आणखी काही?" फादरांनी विचारलं.

आणखी रांगच्या रांग होती, सगळी तोंडाशी आलेली. मी म्हटलं, नाही.

त्यांनी क्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून जपमाळ नाही, उपास नाही. पडवीतल्या त्याच पिठाचे उद्याचे होस्ट भाजायचे, एकदाच कालवून, आणि सिस्टरांना खरं सांगायचं. सिस्टरांना आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, मला ठाऊक होतं, कॉइल जळाली की वास येतो. यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

दुपारी भाजायला बसले. पापड्या निघाल्या तशा निघाल्या, काही कडेला करपल्या. ओल्या फडक्यात ठेवून संध्याकाळी गोल कापल्या, डबा भरला आणि झाकण लावून तडक मिथुनच्या हातात दिला, कारण माझ्या हातात राहिला असता तर गाईची चंगळ झाली असती. आता तो डबा चर्चमध्ये आहे आणि मी इथे लिहितेय. उद्या ते कोणाकोणाच्या जिभेवर जाणार तो एकेक चेहरा डोळ्यांसमोर येतोय. परत जाऊन आणावं असं सारखं वाटतंय. जात नाही.

७ एप्रिल, रविवार

पांढरा फ्रॉक, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट. मुलांच्या रांगेत खुशबू शेवटून दुसरी. तिच्या एका बाजूला मिथुन, एका बाजूला मी. मधल्या वाटेने आम्ही निघालो आणि वेदीच्या जरा अलीकडे ती थांबली. मागची मुलगी तिच्यावर आदळली. गाणं चालूच होतं.

"आई, मले नाई जमत," ती म्हणाली. "मनात वाईट आलं. आताच आलं. पापस्वीकारानंतर आलं."

काय वाईट, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मी म्हटलं असतं, हे काही पाप नाही, आणि तिने विचारलं असतं, पक्कं? रस्ता माझ्या पायाखालचा आहे. सगळं चर्च आमच्याकडे बघत होतं. त्या दिवशी हसलेली बाईही कडेलाच होती. माझ्या तोंडाला रक्त चढलं. आधी वाटलं, लेकीने चारचौघांत शोभा केली. मग असं वाटल्याची जी लाज वाटली ती आजवरच्या सगळ्या लाजांच्या वरची होती.

मी तिथेच, वाटेवर, तिच्यासमोर खाली बसले. चर्चमध्ये मी नीट बोलते, पण तेव्हा घरचंच तोंडात आलं. म्हटलं, "मलेही भेव वाटून राह्यलं."

"तुले? काऊन?"

"तुले वाटते तसंच. मनात लय काय काय येऊन राह्यलं. मी आठ महिने गेली नाई त्याच्यापायी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला पाहावं तसं नाही, वर्गातल्या मुलीला पाहावं तसं. "तुहं पोट दुखत नव्हतं?"

"नाई. खोटं होतं ते."

मिथुन मान खाली घालून उभा होता. तिने विचारलं, "मंग आता?"

"भेत भेतच जाऊ," मी म्हटलं. "दोघी."

फादर हातात भांडं धरून थांबले होते. त्यांनी बोलावलं नाही, घाईही केली नाही. मी उठून आधी गेले. जीभ पुढे केली. करपल्या कडेचा होस्ट आला, मीच भाजलेला. टाळूला चिकटला. खाली बघायचं नाही, कण पडला का बघायचं नाही, असं म्हणेपर्यंत मान खाली वळलीच होती. तशीच वर केली. मागे वळले तर खुशबू डोळे घट्ट मिटून, तोंड उघडून उभी होती. कडू औषध घ्यायला उभी राहते तशी. तिने घेतला. मिथुनने घेतला.

बाकावर येऊन गुडघे टेकले. माझ्या डोक्यात चक्की सुरू झाली होती. दातात काही राहिलंय का, पीठ गव्हाचं होतं का, जाण्याचा मला हक्क होता का. आनंद वगैरे काही झाला नाही. एवढी वाट पाहिलेला दिवस, आणि मी जीभ टाळूवरून फिरवत होते.

खुशबू माझ्या कानाशी आली. "आई, बरोबर झालं ना?"

उत्तर तोंडात तयार होतं. आजच्या दिवशी, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, एवढ्याशा पोरीला एक 'हो' द्यायला काय लागतं? मी म्हटलं, "मले माहीत नाई, बेटा."

तिचा चेहरा एकदम उतरला. आईचं बोट गर्दीत सुटावं तसा. तिने परत विचारलं. मी तिला जवळ ओढलं आणि गप्प राहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मुकुट वाकडा झाला, मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारलं, पोरगी काऊन रडून राह्यली? मी मुकुट सरळ केला. मला आयुष्यात एवढी दुष्ट आई असल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

मग सिस्टर लिसींनी मुलांना खूण केली आणि उपकारस्तुतीचं गाणं सुरू झालं. खुशबूने बाहीने नाक पुसलं आणि बाकीच्यांबरोबर म्हणायला लागली. सुरात नव्हती. गाणं संपेपर्यंत तिने विचारलं नाही.

संपल्यावर विचारलं. मी तेव्हाही सांगितलं नाही.